टाचेवरचा काळा डाग: न कापता काय कळते आणि काय कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, कागल तालुक्यात ऊसशेती. डाव्या टाचेवर वर्षभरापासून काळपट डाग आहे, वाढत वाढत आता साधारण ९ मिमी झाला. दुखत नाही, खाजत नाही. भोवरी समजून दोनदा कॉर्न कॅप लावली, एकदा बिब्बाही घातला. आता कुणीतरी सांगितले की प्रकाशाच्या यंत्राने, न कापता, त्वचेचा कॅन्सर ओळखता येतो. ते कोल्हापुरात होते का, की मुंबई गाठावी लागेल? आणि बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणे, टाळता येईल का?

पहिली तपासणी कोल्हापुरातच होते. तिला लागतो तो डर्मोस्कोप, म्हणजे हातात मावणारे, स्वतःचा दिवा असलेले, दहा पट मोठे दाखवणारे भिंग. सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आधी एवढेच विचारून घ्या की डर्मोस्कोपी करतात का, आणि तळव्यावरचे डाग पाहण्याची सवय आहे का. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. मोठ्या लेझर स्कॅनसाठी टाचेवरचा डाग घेऊन मुंबईला जाऊ नका. तो स्कॅन टाचेवर चालत नाही, कारण खाली सांगतो. बायोप्सीचे म्हणाल तर हे भिंग बायोप्सीची जागा घेत नाही. ती करायची की नाही, आणि करायची तर डागाच्या कोणत्या भागातून, हे ते ठरवून देते. पन्नाशीनंतर नव्याने उगवलेला, वाढणारा, ९ मिमीचा डाग म्हटल्यावर बायोप्सी होईल असेच मनाशी धरून चला. भिंगाखाली अगदी स्वच्छ, निर्धोक नक्षी दिसली तरच ती टळेल.

भिंगात नेमके काय वेगळे दिसते ते समजून घ्या, म्हणजे डॉक्टर काय करत आहेत ते कळेल. कातडीवर पडलेल्या उजेडातला ४ ते ७ टक्के भाग वरच्या वर उलटतो. त्या चकाकीमुळे आतले दिसत नाही, जसे विहिरीच्या पाण्यावर आभाळ चमकले की तळ दिसत नाही. चकाकी घालवायचे दोन मार्ग आहेत. एक, कातडी आणि काच यांच्यामध्ये सोनोग्राफीची जेली किंवा ७० टक्के अल्कोहोल भरायचे, म्हणजे मधली हवा जाते. दुसरा, दिव्यावर एक आणि भिंगावर एक असे काटकोनात ठेवलेले ध्रुवक फिल्टर. पृष्ठभागावरून उलटलेला उजेड त्यात अडतो, आत शिरून विखुरलेला उजेड तेवढा पार होतो. आजच्या बहुतेक डर्मोस्कोपमध्ये दोन्ही सोयी असतात आणि बटण दाबून आलटून पालटून पाहायचे असते. काही पांढऱ्या चमकदार रेघा फक्त ध्रुवित उजेडात दिसतात, तर कातडीच्या अगदी वरच्या थरातले बारीक पांढरे दाणे साध्या उजेडात जास्त स्पष्ट दिसतात. घाईत एकाच पद्धतीने पाहिले तर अर्धी माहिती हातून जाते.

रंगावरून खोली कळते. मेलॅनिन हे एकच रंगद्रव्य सर्वांत वरच्या शिंगट थरात असेल तर काळे दिसते, त्याखालच्या थरात तपकिरी, आणखी खाली करडे, आणि खोल गेले की निळसर. निळा उजेड जास्त विखुरतो म्हणून हे घडते. त्यामुळे एकाच डागात काळा, तपकिरी, करडा आणि निळा असे सगळे रंग अस्ताव्यस्त दिसले तर रंगपेशी वेगवेगळ्या खोलीवर पसरल्या आहेत असा अर्थ निघतो, आणि ते चांगले लक्षण नाही.

आता तळव्याकडे येऊ. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलानोमा हा रंगपेशींचा कॅन्सर एकूणात कमी आढळतो. पण होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. उन्हाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तळव्याच्या कातडीवर ज्या समांतर रेषा असतात त्या शेतकऱ्याच्या घरात समजावायला सोप्या आहेत, कारण ती सरळ सरी-वरंब्याची रचना आहे. खोलगट सरी, उंच वरंबा, पुन्हा सरी. वरंब्याच्या माथ्यावर घामाची छिद्रे असतात आणि भिंगाखाली ती ओळीने मांडलेल्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत असतो, बारीक समांतर रेघांसारखा. सुरुवातीच्या मेलानोमाचा रंग वरंब्यावर पसरतो, म्हणजे जाड पट्टे दिसतात आणि मधल्या सऱ्या फिकट राहतात. जपानमध्ये साइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की वरंब्यावरच्या रंगाची ही खूण सुरुवातीच्या मेलानोमात ८६ टक्के वेळा सापडते आणि साध्या तिळात जवळजवळ सापडतच नाही. विशिष्टता ९९ टक्के होती, म्हणजे मेलानोमा नसलेल्या १०० डागांपैकी ९९ मध्ये ही खूण नव्हती.

या आकड्यांचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवा. १०० तले १४ मेलानोमा ही खूण दाखवत नाहीत. म्हणून पुढची पायरी मापाची आहे. वरंब्यावर रंग असेल तर आकार कितीही असो, बायोप्सी. वरंब्यावर नाही आणि सरीतली नक्षी अगदी नमुनेदार असेल तर सोडून द्यायचे. दोन्हींपैकी काहीच स्पष्ट नसेल तर ७ मिमीच्या वर बायोप्सी, ७ मिमी किंवा कमी असेल तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहायचे. तुमच्या वडिलांचा डाग ९ मिमी आहे, त्यामुळे संशयाचा फायदा त्याला मिळत नाही.

टाचेवर एक अडचण खास येते. अंगाचा भार पडून तिथली शिंगट कातडी तिरकी सरकलेली असते. मग सरीतला रंग सरळ रेघेत न दिसता ब्रशने ओढल्यासारखा तिरपा फराटा दिसतो, आणि नवखा डोळा तो वरंब्यावरचा रंग समजून घाबरतो किंवा उलट चूक करतो. उपाय सोपा आहे. भिंग सरळ न धरता फराट्याच्या दिशेने थोडे कलते करून पाहायचे, की फराटे आखडून पुन्हा सरीतल्या रेघा होतात. तरीही सरी कोणती आणि वरंबा कोणता हे ठरत नसेल तर शाईची चाचणी करायची. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर डागावर आणि आजूबाजूला फिरवायचा आणि लगेच कोरड्या कापसाने पुसायचा. वरंब्यावरची शाई निघते, सरीत बसलेली राहते. आता शाईच्या रेघा आणि डागाचा रंग एकावर एक येतात (म्हणजे रंग सरीत) की शेजारी शेजारी (म्हणजे वरंब्यावर), ते पाहायचे. हीही जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवलेली युक्ती. तुमच्या डॉक्टरांनी मार्कर काढला तर दचकू नका, योग्य तेच चालले आहे.

कॉर्न कॅप आणि बिब्बा या दोन्हींनी तुमच्या वडिलांच्या डागाची तपासणी अवघड केली आहे. कॉर्न कॅपमधले सॅलिसिलिक आम्ल कातडी पांढरी, फुगीर करते. पांढऱ्या थराखालची नक्षी धुक्यातून पाहिल्यासारखी दिसते. कॅप लावलेली असेल तर आजच काढा, पण कातडी पूर्ववत होईपर्यंत भेट पुढे ढकलू नका. डॉक्टर ब्लेडने वरचा मेलेला थर तासून पाहू शकतात. बिब्ब्याचे तेल तर कातडी भाजते आणि काळा डाग मागे ठेवते, धोबी कपड्यांवर खुणा करायला तेच वापरत असत. म्हणून बिब्बा कधी आणि किती जागेवर घातला होता हे आठवून सांगा, लाजू नका. चुना-सोडा, डोंबारी औषध, पार्लरमध्ये मशीनने जाळणे, यांपैकी काही झाले असेल तर तेही सांगा. जाळलेल्या तिळाचा पुन्हा उगवलेला रंग भिंगाखाली कॅन्सरसारखा दिसू शकतो, आणि खऱ्या कॅन्सरचा वरचा भाग जाळला तर खालचा आत वाढत राहतो.

काळ्या डागाचे बाकी सोबती भिंगाखाली लवकर ओळखू येतात. भोवरीत मधोमध अर्धपारदर्शक गाभा असतो, रंग नसतो. तळव्याच्या चामखिळीत सरी-वरंब्याच्या रेषा तुटतात आणि काळे-तांबडे ठिपके दिसतात. ती गोठलेल्या केशवाहिन्यांची टोके असतात. चपलेच्या घासण्याने किंवा उड्या, धावणे यांनी कातडीत साकळलेले रक्तही वरंब्यावरच बसते आणि फसवते, पण त्याचा रंग तांबूस-काळा, खड्यांसारखा तुकड्या-तुकड्यांचा असतो. ब्लेडने हलकेच खरवडले की बरेचसे निघते. खरवड ओली करून लघवी तपासायच्या पट्टीवर टाकली की रक्ताची खूण उमटते. मात्र पट्टीने रक्त दाखवले म्हणून कॅन्सर नाही असे कुणी म्हणू नये, गाठीतूनही रक्त येते. शिवाय साकळलेले रक्त कातडीबरोबर वर सरकत काही आठवड्यांत निघून जाते. वर्षभर टिकलेला, वाढणारा डाग रक्ताचा असण्याची शक्यता फार थोडी.

मेंदी, केसांचा कलप तळव्याला लागणे यांनीही वरंब्यावर रंग बसतो. तो तीन-चार आठवड्यांत फिका होतो. आणि आपल्या कातडीत दोन्ही तळव्यांवर तपकिरी ठिपके असणे सर्रास आढळते, त्यांचा रंगही वरंब्यावर असू शकतो. म्हणूनच जपानमधला ९९ टक्क्यांचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू धरता येत नाही. उजवा पाय दाखवल्याशिवाय डाव्या पायाचा निकाल घेऊ नका. दोन्ही पायांवर तसेच अनेक डाग असतील तर चिंता कमी, एकच एकटा वेगळा असेल तर जास्त.

जायच्या दिवशी पाय साबणाने धुवा, कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवा, पुसून कोरडे करा. तेल, हळद, मलम काही नको. वजरीने घासू नका, घासल्याने वरचा थर आणि त्यातला रंग जातो. पायाच्या नखांना रंग असेल तर काढा. भिंग टेकवताना जोर लावला की रक्तवाहिन्या दबून दिसेनाशा होतात, त्यामुळे नीट पाहणारे डॉक्टर आधी न टेकवता किंवा भरपूर जेली घालून पाहतात.

घरी मोबाईलवर फोटो काढून ठेवले तर उपयोग होतो, पण नीट काढले तरच. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. एक फोटो अख्ख्या तळपायाचा, एक वीतभर अंतरावरून, एक जवळून. जवळच्या फोटोत कंपासपेटीतली पट्टी डागाला लागून ठेवा, मिमीच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. सावळ्या कातडीवर मोबाईलचा कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो आणि करडा, निळा असे रंग धुवून टाकतो. म्हणून डागावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार कमी करताना बारीक रेघाच नाहीशा होतात. मोबाईलला लावायची डर्मोस्कोपची भिंगे मिळतात आणि त्यांचे चित्र चांगले येते. पण विकत घेऊन घरी निदान करू नका, चित्र कुणाला तरी वाचता आले पाहिजे.

आता त्या लेझर स्कॅनविषयी. त्याचे नाव परावर्तन कॉन्फोकल मायक्रोस्कोपी. जिवंत माणसाच्या कातडीतल्या पेशी या पद्धतीने पाहता येतात हे बोस्टनमध्ये मिलिंद राजाध्यक्ष आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले, आणि मेलॅनिन त्यात स्वतःहून उजळ दिसते हेही. ८३० नॅनोमीटरचा सौम्य लेझर एका बिंदूवर केंद्रित करून त्याच खोलीतून परत आलेला उजेड बारीक छिद्रातून घेतात, बाकीचा अडवतात. त्यामुळे जवळपास १ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) इतका बारीक तपशील मिळतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यासारख्या पेशी, कापणे नाही. चेहऱ्यावरच्या संशयास्पद डागांत, नाकावरच्या बेसल सेल कॅन्सर या त्वचेच्या दुसऱ्या कॅन्सरमध्ये याचा खरोखर चांगला उपयोग होतो. पण त्याची पोच आहे २०० ते २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिमी. टाचेची एकटी शिंगट कातडीच त्याहून कितीतरी जाड असते, आणि अनवाणी शेतात राबणाऱ्याची तर आणखी. लेझर रंगपेशींपर्यंत पोचतच नाही. जिथे वर्षभर बिनकामाची वाट पाहिली, तिथे आणखी महिनाभर त्या स्कॅनची वाट पाहण्यात काही हशील नाही.

उजेडाचाच दुसरा स्कॅन म्हणजे ओसीटी. हे नाव तुम्ही डोळ्याच्या दवाखान्यात ऐकले असेल. पडद्याचे थर दाखवणारा तोच प्रकार. १९९१ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली गेली. कातडीसाठीच्या यंत्रात साधारण १३०० नॅनोमीटरचा उजेड वापरतात, कारण कातडी उजेड फार विखुरते आणि लांब तरंग त्यात जास्त आत जातो. एक ते दोन मिमी खोल दिसते, पण तपशील ५ ते १० मायक्रॉनचा, त्यामुळे एकेक पेशी नीट सुटी होत नाही. बेसल सेल कॅन्सर किती खोल गेला हे पाहायला ते उपयोगी आहे, मेलानोमा नाकारायला पुरेसे नाही. डोळ्याच्या दवाखान्यातले यंत्र टाचेला लावून चालत नाही हे वेगळे सांगायला नको.

‘यंत्रच निकाल देते’ अशी जाहिरात पाहिली असेल तर हा इतिहास माहीत असू द्या. अमेरिकेत मेलाफाइंड नावाच्या यंत्राला २०११ मध्ये परवानगी मिळाली. ते दहा वेगवेगळ्या तरंगलांबींचा उजेड टाकून डागाचे गणित करायचे. कॅन्सर पकडण्यात ते ९८ टक्क्यांच्या पुढे होते, पण निर्धोक डागांपैकी फक्त १० टक्क्यांच्या आसपास डागांना ‘ठीक’ म्हणायचे. म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला बायोप्सी सांगायचे. ते बाजारातून गेले. जानेवारी २०२४ मध्ये डर्मासेन्सर या उजेडाच्या विखुरण्यावर चालणाऱ्या हातातल्या यंत्राला तिथे परवानगी मिळाली, पण वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांवर पुढची चाचणी करण्याची अट घालून. मोबाईल ॲपमागची बहुतेक प्रशिक्षण-चित्रे गोऱ्या कातडीची असतात, तळव्याची फार थोडी. डागाभोवती पेनाने केलेली खूण पाहून संगणक तिलाच कॅन्सर समजल्याचेही संशोधनात आढळले आहे. ॲपने धोका सांगितला तर डॉक्टरांकडे जा. ॲपने ‘काही नाही’ म्हटले तरीही जा.

बायोप्सीची भीती घालवू या, कारण खरा उशीर तिथेच होतो. तीळ कापला की कॅन्सर पसरतो, हे खरे नाही. बायोप्सीने मेलानोमा बळावतो असे अभ्यासांत आढळलेले नाही. बळावतो तो वाट पाहण्याने. ९ मिमीचा डाग भूल देऊन, भोवती २ मिमी कातडी ठेवून, पूर्ण काढता येतो आणि तेच सर्वांत चांगले. डाग मोठा असेल तर डर्मोस्कोपखाली वरंब्यावरचा रंग जिथे गडद आहे तिथे पेनाने खूण करून तिथला तुकडा पूर्ण खोलीसह घ्यायचा. वरवर तासून घेतलेला तुकडा नको, कारण कॅन्सर निघाला तर त्याची जाडी मिमीमध्ये मोजावी लागते आणि पुढचे सगळे उपचार त्या एका मापावर ठरतात. ०.८ मिमीपेक्षा पातळ असेल तर बहुतेक वेळा जागीच काढून भागते. ०.८ मिमीच्या आसपास किंवा वर असेल, किंवा डाग फुटून वर जखम झालेली असेल, तर जांघेतली पहिली लसिकाग्रंथी, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी पोचेल ती गाठ, तपासायची की नाही याची चर्चा होते. लेझरने किंवा मशीनने डाग जाळून देतो असे कुणी म्हटले तर नको म्हणा, जाळल्यावर तपासायला काही उरत नाही.

डॉक्टरांना आणखी एक विनंती करा. तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहा पट द्रावणात जावा, आणि फॉर्मवर ‘टाचेची कातडी, रेषांना काटकोनात काप घ्यावा’ असे लिहावे. रेषांना समांतर कापले तर सरी आणि वरंबा एकाच कापात दिसत नाहीत आणि भिंगाखाली पाहिलेली नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली जुळवता येत नाही. सोबत डर्मोस्कोपचा फोटो जोडला तर फारच उत्तम. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. मुंबईला टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर रिपोर्टबरोबर मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, तिथे त्या पुन्हा तपासतात.

रंगच नसलेला मेलानोमाही असतो. टाचेवर गुलाबी, ओला, सहज रक्त येणारा उंचवटा दिसतो आणि मधुमेह्यांत ती ‘शुगरची जखम’ म्हणून महिनोन्‌महिने पट्ट्या केल्या जातात. भार काढून, साखर आटोक्यात ठेवून, नीट मलमपट्टी करूनही जखम सहा आठवड्यांत मागे हटत नसेल तर तिचा तुकडा तपासायलाच हवा. नखात नवी काळी उभी रेघ आली, ३ मिमीहून रुंद झाली किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला तर तेही भिंगाखाली पाहून घ्यावे.

आणि घरातल्या इतरांसाठी. गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस अंगावर पडून भाजलेल्यांचे, किंवा शिरोलीच्या फौंड्रीत तापल्या धातूने भाजलेल्यांचे जुने व्रण वर्षानुवर्षांनी पुन्हा फुटले, कडा जाड आणि उचललेल्या झाल्या, तर त्यात स्क्वेमस सेल कॅन्सर हा त्वचेचा आणखी एक कॅन्सर असू शकतो. तिथे या प्रकाशयंत्रांवर विसंबू नये. वण जाड असतो, उजेड आत जात नाही, आणि एका जागचा तुकडा निर्धोक निघाला तरी दुसऱ्या कडेला कॅन्सर असतो. कडेच्या तीन-चार जागांहून तुकडे घ्यावे लागतात. धोतर कमरेला घट्ट बांधून त्याच रेषेवर वर्षानुवर्षे घासण्याने होणारा कॅन्सर मुंबईच्या डॉ. खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच नोंदवला आहे, आणि परकराच्या नाडीखालीही तो होतो. वडिलांना दाखवायला न्याल तेव्हा आई सोबत असतील, तर नाडीच्या जागेवर जाड, खरखरीत किंवा न भरणारे काही आहे का हे त्यांनाही विचारून त्याच भेटीत दाखवून घ्या.